साहेबांच्या वतीने

२६ एप्रिल

आजपासून रोजनिशी. डायरी जानेवारीत साहेबांच्या ऑफिसातून मिळाली होती, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात साहेबांचा हात जोडलेला फोटो. चार महिने कोरी राहिली, वेळच नव्हता. पण उद्या जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं की पत्रकार विचारणार, सुरुवात कशी झाली. रेकॉर्ड पाहिजे.

तर रेकॉर्डसाठी. मी सुदर्शन, मुक्काम बोरवडी, तालुका लोहा. आमचे साहेब लोकसभेवर. एवढा मोठा मतदारसंघ, एकटा माणूस कुठे कुठे पुरणार. त्यात दिल्लीला बसून देशाचे कायदे करायचे. म्हणून आमच्या भागातली लग्नं, मयती आणि दहावे साहेबांच्या वतीने मी करतो. साहेबांचे पीए धम्मानंद सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात, कोण गेलं आणि कोणाचं लग्न. मी जायचं, हार घालायचा, दोन शब्द बोलायचे, फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटो शेजारचा नरसिंग काढतो, त्याचा मोबाईल चांगला आहे.

हारावर लावायची पट्टी मी स्वतःच्या डोक्याने करून घेतली. फ्लेक्सची आहे, धुता येते. वर दोन्हीकडे ‘मा. खासदार साहेबांच्या वतीने’. खाली एका बाजूला ‘हार्दिक शुभेच्छा’, दुसऱ्या बाजूला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. दोन सेफ्टी पिना लावायच्या, फोटो झाला की पट्टी काढून खिशात. ऑफिसात कुणाला हे सुचलं नव्हतं.

जनतेचे प्रतिनिधी साहेब, साहेबांचा प्रतिनिधी मी. म्हणजे बोरवडी आणि संसद यांच्यात फक्त दोन माणसं. सिंधुला हे समजावून सांगितलं. बायको म्हणून तिला अभिमान वाटायला हवा. ती म्हणाली, त्या दोघांतला एखादा गिरणीवरून दळण आणील का. मी म्हणालो, माहिती घेऊन सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. ती उठून आत गेली. याला सभात्याग म्हणतात.

२८ एप्रिल

आज आईने साहेबांसाठी काम सांगितलं. फार आनंद झाला. घरातून आलेली ही पहिलीच मागणी.

आई म्हणजे कावेरीबाई. वय ऐंशीच्या मागेपुढे, तिलाही नक्की माहीत नाही. एकही मतदान चुकवलेलं नाही. ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, तुझ्या सायबाला म्हणावं, आपल्या मसनवाट्याला रस्ता करून दे. दुसरं काई मागणं न्हाई.

मसनवाटा ओढ्यापलीकडे. मधे सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. बाबा गेले ते श्रावणात. खांदेकऱ्यांचे पाय रुतले आणि ओढ्याच्या उतारावर तिरडी आडवी झाली. आई मागच्या दारातून बघत होती. हे ती कधी बोलत नाही, आज बोलली. म्हणाली, तुझ्या बापाला चिखलातून उचलला, मला तसं नेऊ नगंस. उन्हाळ्यात मरावं म्हणते, पर ते काय आपल्या हातात हाय.

मी म्हणालो, काळजी करू नको, संसदेत प्रश्न लावतो. तिने विचारलं, संसदेत काहून? एक मेला ग्रामसभा हाय. नीलम्मा सरपंच म्हणली, ठराव येऊ द्या, मुरमाचा निधी पडूनच हाय, दोन दिवसांत टाकून देते.

मला हसू आलं. ग्रामसभेत असतं काय, थोडी माणसं आणि चहा. देशाची संसद हाताशी असताना आईचं काम चावडीवर कशाला मांडायचं. तरी तिचं मन राखायला म्हणालो, एक मेला तुला घेऊन जातो.

संकल्प: पावसाळी अधिवेशनात मसनवाट्याच्या रस्त्यावर तारांकित प्रश्न.

१ मे

लोह्याला लग्न. मोठं घराणं. धम्मानंदांचा सकाळीच फोन. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

दुपार टळून गेल्यावर परत आलो तर आई धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर बसलेली. सकाळपासून तशीच बसली होती, सिंधु म्हणाली. ग्रामसभा कधीच उठली होती. रस्त्याचा विषय कुणी काढला नाही. आई आत गेली आणि जुनं लुगडं नेसून आली.

वाईट वाटलं. पण एका अर्थी बरंच झालं. ग्रामसभेत विषय येऊन गेला असता तर संसदेत त्याचं नावीन्य राहिलं नसतं.

७ मे

एक गडबड झाली. रेकॉर्ड म्हणून लिहितो, नाहीतर लिहिण्यासारखं नाही. आजच्या लग्नात पट्टी उलटी लागली. नवरदेवाच्या गळ्यात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. नवरदेवाच्या आजोबांना वाचता येत होतं, हे दुर्दैव. जेवायला कुणी बोलावलं नाही.

नरसिंग गाडीवर मागे बसून घरापर्यंत हसत होता. त्याला म्हणालो, मोठ्या कामात लहान चुका होतात.

संकल्प: पट्टी लावल्यावर दोनदा वाचायची.

१२ मे

प्रश्न तयार केला. तीन मसुदे झाले. शेवटचा असा:

(अ) मौजे बोरवडी, तालुका लोहा येथील मसनवाट्यास जाण्यासाठी रस्ता नाही, हे खरे आहे काय; (आ) असल्यास, त्याची कारणे काय आहेत; (इ) सदर रस्ता कधीपर्यंत होणे अपेक्षित आहे.

जेवताना घरात वाचून दाखवला. आई म्हणाली, खरं हाय की, त्यात इचारायचं काय. तिला समजावलं की लोकशाहीत असं असतं. सरकारला ठाऊक असलं तरी विचारावं लागतं, आणि सरकारला ठाऊक असलं तरी ते माहिती मागवून सांगतं. म्हणजे सरकार आपल्या धाकात राहतं. आई म्हणाली, त्यापरीस येऊन बगत का न्हाईत.

तिला तारांकित आणि अतारांकितमधला फरक सांगेपर्यंत ती झोपली. हल्ली लवकर दमते.

२० मे

लातूर. साहेबांची प्रत्यक्ष भेट. बंगल्यावर ही गर्दी. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, काय सुधाकर, आई बरी आहे ना. एवढ्या व्यापात माझ्या आईची आठवण. अंगावर काटा आला. नाव चुकलं, पण आई बरोबर होती.

प्रश्नाचा कागद धम्मानंदांकडे दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. म्हणाले, सुदर्शनराव, स्मशानभूमी हा राज्याच्या यादीतला विषय, संसदेत येतच नाही. आणि राज्याकडे तरी कशाला जाता, हे तुमच्या ग्रामपंचायतीचं काम. ग्रामसभेत बसा, हात वर करा, आठवड्यात होऊन जाईल.

धम्मानंद माणूस चांगला, पण दृष्टी लहान. पीए लोकांना साहेबांपुढे विषय कमी गेलेले आवडतात. कागद त्यांच्याकडेच ठेवून आलो. साहेबांच्या नजरेस पडला की ते बघून घेतील.

मुलगी शिल्पा लातूरलाच एका दवाखान्यात नर्स आहे, तिला भेटलो. साहेबांनी आजीची चौकशी केल्याचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, साहेब सगळ्यांनाच आई बरी आहे का विचारतात. नवी पिढी अशीच बोलते. मग म्हणाली, आजीच्या पायाला सूज आलीय म्हणे, तिला एकदा इकडे आणा, मी डॉक्टरला दाखवते. म्हणालो, लग्नसराई संपू दे.

१४ जून

लग्नसराई संपली. आता मयती. हवा बदलली की म्हातारी माणसं जातात. या महिन्यात एक दिवस मोकळा मिळालेला नाही.

माझं वाक्य आता चांगलं बसलं आहे. डोळे खाली, हात जोडलेले, आणि हळू आवाजात: साहेब अधिवेशनात आहेत, पण मनाने इथेच आहेत. बायका तर पदर डोळ्याला लावतात. आज एका म्हाताऱ्याने विचारलं, जूनमध्ये कुठलं अधिवेशन? त्याची बायको गेली होती, म्हणून मनावर घेतलं नाही.

निघताना त्याच म्हाताऱ्याने माझा हात धरला. म्हणाला, आमची लाइटीची डीपी जळून महिना झाला, सायबाला सांगा. मी म्हणालो, संसदेत मांडतो. त्याने हात सोडला नाही, बघत राहिला. का कोण जाणे, दिवसभर तो हात आठवत होता.

आईला लातूरला न्यायचं राहिलंच. पुढच्या आठवड्यात नक्की.

२१ जुलै

पावसाळी अधिवेशन सुरू. सकाळी टीव्ही पुसला. आईला पुढे खुर्ची दिली, पाय ठेवायला पाट दिला. पाय चांगलेच सुजलेत. नरसिंगला आणि गल्लीतल्या चार जणांना बोलावलं. सगळ्यांना सांगितलं, आपल्या बोरवडीचं नाव आज ना उद्या इथे ऐकू येणार.

सुरुवातीला श्रद्धांजली झाली. सगळे उभे राहिले. आई म्हणाली, इथं बी मयतीच का.

मग गोंधळ. कोण कुणाला काय म्हणत होतं कळेना. अध्यक्ष बसा बसा म्हणत होते, कुणी बसत नव्हतं. मग कामकाज तहकूब. चहा झाला, माणसं गेली.

२५ जुलै

रोज तहकूब. सकाळी तहकूब, दुपारी तहकूब, मग दिवसभरासाठी. प्रश्नोत्तराचा तास एक दिवस धड चालला नाही. आमचा प्रश्न त्यातच अडकला असणार.

आज मात्र साहेब दिसले. म्हणजे साहेबांची बाही. कॅमेरा एका मंत्र्यावर होता, मागे डाव्या कोपऱ्यात पांढरी बाही आणि घड्याळ. घड्याळ साहेबांचंच, मी भेटीत बघितलं होतं. मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुणी काही म्हटलं नाही.

सिंधु म्हणाली, बाहीवर काय प्रश्न सुटत असतात व्हय. ही टिप्पणी कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे.

५ ऑगस्ट

धम्मानंदांना फोन. प्रश्न कधी येणार म्हणून विचारलं. म्हणाले, तो कागद मी पाठवलाच नाही सुदर्शनराव, पाठवला असता तरी नाकारलाच गेला असता. मी तेव्हाच म्हणालो होतो.

म्हणजे तांत्रिक कारणाने राहिला. असं मोठमोठ्यांचं होतं. हिवाळी अधिवेशनात दुसऱ्या मार्गाने आणता येईल, शून्य प्रहर आहे, लक्षवेधी आहे. साहेबांची आणि माझी दोघांचीही तोवर तयारी होईल.

आईला सांगितलं नाही. तिने विचारलं, आलं का रं काई. मी म्हणालो, चर्चा चालू आहे. ती हं म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली. पाऊस लागला आहे. मागच्या दारातून ओढ्याकडचं रान नुसतं काळं दिसतं.

शिल्पाचा पुन्हा फोन. आजीला आणा. आणतो म्हणालो. रस्त्यावर पाणी आहे, भाड्याची जीप मोकळी नाही, आणि रोज कोणी ना कोणी जातंय.

१४ ऑगस्ट

उद्या ग्रामसभा. आईने सकाळीच आठवण केली. मी तिच्याजवळ बसलो आणि हात हातात घेऊन म्हणालो, उद्या कुठेच जात नाही. तू, मी, दोघं चावडीवर. ती म्हणाली, तुझ्या सायबाचा फोन आला तर? मी म्हणालो, घेणारच नाही.

संकल्प: फोन बंद.

खरं तर ग्रामसभेच्या ठरावाचा उपयोग आहे. तो जोडला की संसदेतल्या प्रश्नाला वजन येईल. हे आधीच सुचायला हवं होतं.

१५ ऑगस्ट

फोन बंद होता. धम्मानंदांनी नरसिंगच्या फोनवर केला.

चाकूरकडे साहेबांच्या एका जुन्या माणसाचे वडील वारले. साहेब दिल्लीला. झेंडावंदन झालं की निघा म्हणाले. चौघं मिळून जा, साहेबांच्या वतीने एकटाच गेला असं दिसायला नको. मग जीपमध्ये नरसिंग आणि आळीतले दोघे घेतले. आईला म्हणालो, तासाभरात येतो. चाकूर तासाभराचं नाही हे तिलाही ठाऊक आहे.

दिवे लागल्यावर घरी आलो. आई ग्रामसभेला गेली होती. काठी टेकत, एकटी, सुजल्या पायांनी. सिंधु पाठोपाठ गेली. आई उभी राहून बोलली म्हणे. नीलम्मा सरपंच वाटेत भेटल्या, त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, तुमची आई काय बोलली ओ. म्हणली, मी पन्नास वर्षं बोटाला शाई लावून घेतली, कुणाला काई मागितलं न्हाई. आता चार माणसांनी मला धड न्यावं येवढा रस्ता मागते.

पण ठराव झाला नाही. कोरम भरला नाही. नीलम्मा म्हणाल्या, चार माणसं कमी पडली. सभा तहकूब, आता बावीस तारखेला. त्या सभेला कोरम लागत नाही.

जेवताना मी म्हणालो, मी असतो तरी तीन कमीच पडले असते. सिंधुने भाकरी थापता थापता विचारलं, जीपमधी तुमच्यासंगं कोण कोण व्हतं?

याचं उत्तर लेखी देण्यात येईल.

आई अंथरुणावरून म्हणाली, तुझी संसद बी तहकूब अन् माझी बी. तिथं लई माणसं हायत म्हणून, हितं न्हाईत म्हणून. आणि हसली. मीही हसलो. नंतर बाहेर जाऊन उभा राहिलो.

१८ ऑगस्ट

आईला ताप. धाप लागते. शिल्पाने फोनवर गोळ्या सांगितल्या आणि म्हणाली, बाबा, आता तरी आणा, उद्याच्या उद्या. उद्या नाही, परवा सकाळी एक दहावा आहे, तो उरकला की त्याच जीपने थेट लातूर. ठरलं. पिशवी भरून ठेवायला सांगितली. सिंधुने पिशवी भरली.

आईला म्हणालो, बावीसला ठराव होणारच. ती म्हणाली, हाव.

२१ ऑगस्ट

काल लिहिता आलं नाही. आई गेली.

दहाव्याला गेलो होतो. घाटावर मी बोलायला उभा होतो. फोन सायलेंटवर. साहेब अधिवेशनात आहेत, पण मनाने इथेच आहेत, असं म्हणत होतो तेव्हा खिशात फोन थरथरत होता. मी वाक्य पुरं केलं. सिंधुचे फोन होते.

जीपमध्ये बसलो. लोह्याजवळ आलो तेव्हा ग्रुपवर धम्मानंदांचा मेसेज आला. मौजे बोरवडी येथील कावेरीबाई यांचे दुःखद निधन. सुदर्शनराव, आपण जवळच आहात, साहेबांच्या वतीने उपस्थित राहावे. हार शिवलिंगकडे सांगितला आहे. फोटो टाकणे.

नरसिंग गावातच होता. बातमी त्यानेच ग्रुपवर टाकली होती, रोजची सवय. कोणाची आई ते लिहायचं त्याला सुचलं नाही. मी मेसेज पुन्हा वाचला. उपस्थित राहावे.

लोह्याच्या चौकात शिवलिंग फुलवाला हार घेऊन उभाच होता. काही न विचारता त्याने जीपमध्ये दिला. मीही घेतला.

घरी आलो. माणसं जमली होती. मी आत शिरलो तशी दोन्हीकडे सरकून त्यांनी मला वाट दिली, रोज कुठेही देतात तशी. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, सायबाकडून आले. ओळखीचाच आवाज होता. चुकून म्हणाला असणार.

आईला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. मी हार घातला. हात आपोआप खिशात गेला, पट्टी काढली, पिना लावल्या. नरसिंगने मोबाईल वर केला. त्याच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. फोटो निघाला. तेव्हा मला कळलं की माझ्याकडे दुसरा हार नाही. साहेबांचा घातला. माझा नव्हता.

सिंधुने बघितलं आणि मान खाली घातली. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तिथेच बसलो आणि रडलो. खूप रडलो.

पाऊस थांबेना. थांबण्यात अर्थ नव्हता. हातात मडकं घेऊन मी पुढे, मागे तिरडी. मडकं घेतलेल्याने मागे वळून बघायचं नसतं. गाव संपलं आणि पाय रुतायला लागले. चप्पल पहिल्याच शेतात गेली. ओढ्याच्या उतारावर मागून आवाज आले. धरा. अरे धरा, पायाकडून धरा. मी पुढे बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणालं, चला.

तिरडी खाली ठेवली तेव्हा पायाकडचं पांढरं कापड चिखलाने काळं झालं होतं. कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

रात्री ग्रुपवर धम्मानंदांचा निरोप होता. पट्टी उलटी लागली आहे. दुरुस्त करून फोटो पुन्हा टाकावा.

फोटो उघडून बघितला. आईच्या छातीवर ‘हार्दिक शुभेच्छा’.

२२ ऑगस्ट

सकाळी राख सावडायला गेलो. पट्टी काढायची राहूनच गेली होती. एरवी कधी विसरत नाही. राखेत दोन सेफ्टी पिना सापडल्या, काळ्या पडलेल्या. बाकीच्यांना दिसू नये म्हणून मुठीत धरल्या. मग नदीला गेलो तेव्हा त्याही सोडल्या.

दुपारी ग्रामसभा. शिल्पा म्हणाली, बाबा, डोकं भादरलेलं, सुतक आहे, बसू द्या. पण गेलो. चावडीत मोजकी माणसं. खाली सतरंजीवर बसलो. बोरवडीच्या ग्रामसभेत याआधी कधी बसलो होतो, आठवेना.

नीलम्मांनी विषय वाचला. मसनवाट्याचा रस्ता, सूचक कावेरीबाई. मग थांबल्या. ग्रामसेवक म्हणाला, सूचक हयात नाहीत, त्यांच्या वतीने कुणी मांडणार असेल तर घेता येईल.

मी उठलो. दोन शब्द बोलायची मला सवय आहे, बोलणं काही अवघड नव्हतं. पण तोंडात एकच वाक्य तयार होतं आणि ते साहेबांचं होतं. हात वर केला. मग सगळ्यांनी केले.

ठराव मंजूर. चहा यायच्या आधी.

२३ ऑगस्ट

सकाळपासून मुरमाच्या ट्रॉल्या. नीलम्मा स्वतः बांधावर उभ्या होत्या. पाऊस उघडला होता.

धम्मानंदांचा फोन. त्यांना काल रात्री कळलं. अहो, मातोश्री होत्या, आधी सांगायचं नाही का. खरंच हळहळत होते. मग म्हणाले, साहेबांनाही फार वाईट वाटलं. दहाव्याला साहेबांच्या वतीने माणूस पाठवायचाच आहे, पण तुमच्या भागात तर तुम्हीच आहात, कुणाला पाठवू सांगा.

मी म्हणालो, बघतो.

फोन ठेवता ठेवता म्हणाले, रस्ता झाला ऐकलं, साहेबांच्या प्रयत्नांतून म्हणून एक फोटो टाका, नवी पट्टी करून घ्या.

खरं सांगायचं तर बोर्डाचा मजकूर मनात तयार झालाच होता. खासदार साहेबांच्या अथक पाठपुराव्याने. इथे लिहायलाही घेतला. मग साहेबांच्या हात जोडलेल्या फोटोखालचं ते अर्धं वाक्य खोडलं.

२४ ऑगस्ट

रात्री पाऊस पडला. सकाळी मसनवाट्याकडे गेलो. नवी चप्पल घेतली आहे. मुरूम चांगला दाबला आहे, ओढ्यावर नळ्या टाकल्या आहेत, उतार राहिला नाही. दोन्हीकडे चिखल आणि मधून रस्ता. आईच्या जागेपर्यंत चालत गेलो. चप्पल कोरडी होती.

थोडा वेळ उभा राहिलो. तिथे जायचं आता काही काम नव्हतं.